सुधारित आवृत्ती

मी नको म्हटलं होतं. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की फोनवर तो निळा चौकोन उगवायचा, ‘सुधारित आवृत्ती तयार आहे, आता घ्यायची का?’ असं विचारायचा, आणि मी अंगठ्याने ‘नंतर’ दाबायचो. ‘नको’ हा पर्यायच त्यात नव्हता. नकाराची सोय न ठेवता परवानगी मागणाऱ्याला आमच्या काळाचौकीत काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, पण मनातल्या मनात ते मी रोज म्हणत होतो.

त्या आवृत्तीवरून सगळीकडे रण माजलं होतं. ती आवाज स्वच्छ करते, बोलणं सुस्पष्ट करते, असं ती काढणाऱ्यांचं म्हणणं. ती आपलं बोलणं चोरून ऐकते, असं ती न घेणाऱ्यांचं. आणि घेतली नाही तर पुढच्या महिन्यात फोनचं खोकं होईल, असं आमच्या मंडळाच्या ग्रुपवरच्या उंटावरच्या शहाण्यांचं. शेजारच्या गंगाधरने ती पहिल्याच दिवशी घेतली. गंगाधर म्हणजे शिवीशिवाय वाक्य सुरू न होणारा माणूस. “च्यायला गुणाजी, टाक की रे. काय बॉम्ब हाय काय तो?” असं मला गॅलरीभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. चार दिवसांनी तोच गंगाधर जिन्यात भेटला आणि हात जोडून म्हणाला, “नमस्कार. आज उकाडा फारच आहे, नाही?” म्हटलं, चला, निवृत्तीनंतर का होईना, माणूस सुधारला. तेव्हा मला हसू आलं होतं.

मी चाळीस वर्षं ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. लोकांच्या चुका काढण्यावर माझं घर चाललं. र्‍हस्वदीर्घ, विसर्ग, जोडाक्षरं, कुणाचं काहीही असो, माझ्या लाल पेनातून सुटत नसे. मी मूळचा मालवणकडचाच, पण छापखान्यात लागल्या लागल्या मी माझी जीभ घासूनपुसून लख्ख केली. ऐकणाऱ्याने ‘पुण्याकडचे का?’ असं विचारावं, इतकी. माझ्या बायकोने, सुभद्राने, मात्र तसं काही केलं नाही. ती लग्न होऊन या दोन खोल्यांत आली तेव्हा जे बोलत होती तेच ती शेवटपर्यंत बोलली, आणि मी तिला शेवटपर्यंत दुरुस्त करत राहिलो. ‘माका’ नाही, ‘मला’. ‘खंय’ नाही, ‘कुठे’. मुलगी झाली तेव्हा तर मी बजावूनच सांगितलं, घरात ते चालायचं नाही, पोरीच्या जिभेला वळण लागेल. सुभद्रा हसायची. “तुमचा शुद्ध तुमच्या प्रेसात ठेवा,” म्हणायची. मुलीसमोर जपून बोलायची, आणि मुलगी शाळेत गेली की पुन्हा मालवणीत गडगडायला लागायची.

ती जाऊन अडीच वर्षं झाली. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून फोनवर ती मला बोलूनच निरोप पाठवायची, आणि मी मूर्खासारखा ते ऐकून पुसून टाकायचो. एकच राहिला, तोही मी पुसायला विसरलो म्हणून. सकाळी ती लालबागच्या बाजारातून आली होती, मागे नळ सुरू होता, आणि ती म्हणत होती: “अहो, कुर्ल्यो गावल्यो. बेगीन येवा. मी वाट बघतंय.” एवढंच. खेकडे मिळाले, लवकर या, मी वाट बघतेय. आठ सेकंद. तिच्या साड्या आमच्या मुलीने, आकांक्षाने, वाटून टाकल्या, फोटोत तर ती नेहमी डोळे मिटलेलीच यायची. माझ्यापाशी तिचं म्हणून उरलं होतं ते हे आठ सेकंद, आणि आवाजाला हात लावणारी कुठलीही आवृत्ती मी त्याच्या आसपास फिरकू देणार नव्हतो.

त्या मंगळवारी मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर माझा फोन आकांक्षाच्या हातात, आणि पडद्यावर नुसतं एक पांढरं चाक फिरत होतं.

“काय केलंस?”

“बाबा, ओरडू नका. तुमचा हयातीचा दाखला अपलोडच होत नव्हता. अपडेट मस्ट आहे म्हणे. मग टाकलं ना यार.”

“मी नको म्हणालो होतो.”

“तुम्ही सगळ्यालाच नको म्हणता.” तिने फोन माझ्यासमोर धरला. “आता कॅमेऱ्यात बघा आणि पापण्या हलवा. जिवंत आहात ते दाखवा.”

मी पापण्या हलवल्या नाहीत. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी तिच्या हातून फोन हिसकावला आणि तो आठ सेकंदांचा निरोप लावला.

नळ तोच होता. आवाज तिचाच होता, तोच थोडा बसका, वाक्य सुरू करण्याआधी घेतलेला तोच श्वास. “अहो, खेकडे मिळाले. लवकर या. मी वाट बघत आहे.”

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. आकांक्षा पर्समध्ये डबा कोंबत होती. “भारी क्लिअर झालाय की आवाज,” ती म्हणाली, “चला, मला लेट होतंय,” आणि जिना उतरून गेली. तिला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

लालबागच्या नाक्यावर सम्यकचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिशीचा, कामात चोख, उगाच शब्द खर्च न करणारा माणूस. त्याने फोन उघडून आतपर्यंत पाहिला.

“काका, अपडेट जुन्या फाइलला टच करत नाही. हे बघा, डेट तीच आहे, साइज तोच आहे. फाइल ओरिजिनल आहे.”

“मग ती अशी बोलतेय कशी?”

“अशी म्हणजे कशी?”

“शुद्ध!” मी ओरडलो. दुकानातली दोन गिऱ्हाईकं वळून पाहायला लागली. “ती जन्मात कधी इतकं शुद्ध बोलली नाही! जुनं परत घाल. काय लागेल ते कर, पण जुनं परत घाल.”

“मागे जाता येत नाही काका. एकदा टाकलं की टाकलं.” त्याने फोन माझ्याकडे सरकवला आणि जरा मऊ आवाजात म्हणाला, “घरी जाऊन पडा थोडं. ऊन फार आहे.”

मला चक्कर आलेली नाही हे मी त्याला कसं सांगणार होतो? दुकानातून निघालो तो तडक बकुळाकडे गेलो. बकुळा सुभद्राची धाकटी बहीण, तिथूनच दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्याकडे अजून बटणांचा जुना फोन आहे; कसली आवृत्ती आणि कसलं काय. दोघी बहिणी भेटल्या की त्यांच्या गजाली खालच्या वाण्यापर्यंत ऐकू जात, आणि मी दार लावून घेत असे. आज मला ते ऐकायचं होतं. कोणी तरी एक वाक्य त्या भाषेत बोललं असतं तर मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडलो असतो.

बकुळाने दार उघडलं. मला पाहून तिचा चेहरा खुलला.

“भाऊजी, तुम्ही? आत या ना. बसा. पाणी आणते.”

मी उभाच राहिलो. “बकुळे, हे काय?”

“काय झालं?”

“माझ्याशी नीट बोल.”

“नीटच तर बोलते आहे, भाऊजी.”

“मालवणीत बोल!”

ती गोंधळली. पदराला हात पुसत माझ्याकडे पाहत राहिली. थट्टा करत असती तर मला कळलं असतं. बकुळाला थट्टा करताना हसू आवरत नाही. मी तिला सुभद्राचं वाक्य म्हणून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून. तिने ते लक्ष देऊन ऐकलं.

“कुठली भाषा ही?” ती म्हणाली. “ताई असं बोलायची? मला नाही आठवत. ताईचं बोलणं किती छान होतं. सगळे म्हणायचे, मुद्रितशोधकाची बायको शोभते.”

मी पाणी न घेताच उतरलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. घरी येताना रस्ताभर मी कान देऊन चाललो. भाजीवाली, देवळाबाहेर बसलेले म्हातारे, टॅक्सीवाल्याशी भांडणारा माणूस, सगळ्यांची वाक्यं पूर्ण होती, क्रियापदं जागच्या जागी होती. “आपण माझ्या गाडीला धक्का दिला आहे,” तो माणूस संतापून म्हणत होता. भांडणसुद्धा छापायला पाठवण्याजोगं झालं होतं. चाळीस वर्षं मी ज्यासाठी डोळे फोडले ते सगळं रस्त्यावर फुकट वाटलं जात होतं, आणि मला भर उन्हात एकेकाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

घरी आलो आणि कागद घेतला. म्हटलं, निदान लिहून तरी ठेवू. माझं डोकं फिरायच्या आत कुठे तरी शाईत राहू दे. मी मोठ्या अक्षरात लिहिलं: कुर्ल्यो गावल्यो. बेगीन येवा. मी वाट बघतंय. तो कागद मी स्वयंपाकघरात तिच्या मसाल्याच्या डब्यांवर चिकटवला, आणि आकांक्षाची वाट पाहत बसलो.

ती सहाला आली. चप्पल काढताकाढता म्हणाली, “बाबा, आज कार्यालयात फार काम होतं. मी दमले आहे.”

सकाळी ही पोर ‘मस्ट’ आणि ‘लेट’ म्हणत होती. मी तिला हाताला धरून डब्यांपाशी नेलं. “वाच. हे तुझ्या आईचे शब्द आहेत. तू शाळेत गेलीस की ती असं बोलायची. तुझ्यासमोर बोलू नको असं मीच सांगितलं होतं, चूक माझी आहे, पण तू कधी तरी चोरून ऐकलं असशील. आठव.”

आकांक्षाने कागद वाचला. तिच्या कपाळावर बारीक आठी पडली. मग तिने माझ्या खिशातलं पेन काढलं, आणि मी काही म्हणायच्या आत ‘कुर्ल्यो’वर एक सरळ रेघ मारली, वर ‘खेकडे’ लिहिलं. ‘बेगीन’ खोडलं. ‘येवा’मधली मात्रा आणि ‘व’ काढून टाकायची खूण केली, अगदी मी तिला लहानपणी शिकवली होती तशी, शेपटी वर वळवून.

“तुमच्याकडून इतक्या चुका?” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “बाबा, आपण उद्या डॉक्टरांकडे जाऊ या.”

मी तिच्यावर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. मारलं नाही, पण उगारला, आणि तिने तो पाहिला. ती आतल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डॉक्टरांची वेळ घ्यायला बाहेर पडली तेव्हा मी ठरवलं. ही जी कोणी माझ्या बायकोच्या घशातून बोलत होती, तिला मी घरात ठेवणार नव्हतो. असली सुभद्रा असण्यापेक्षा नसलेली बरी. मी खिडकीपाशी बसलो, फोन काढला, त्या निरोपावर अंगठा दाबून धरला. ‘कायमचे पुसायचे?’ असं विचारलं गेलं. इथे मात्र ‘नको’ होतं. मला त्याचंही हसू आलं, संतापाचं. आणि का कोण जाणे, ‘नको’ दाबून मी तो एकदा शेवटचा लावला. तिला एक शिवी हासडून मगच पुसावं, असं काहीसं मनात असावं.

“अहो, खेकडे मिळाले. लवकर या. मी वाट बघत आहे.”

मी तोंड उघडलं. पण आठ सेकंद झाले तरी निरोप थांबला नव्हता. मागचा नळ कोणी तरी बंद केला. मग बराच वेळ नुसता श्वास, आणि त्यानंतर सुभद्रा बोलली, दबकत, एकेक शब्द नीट जुळवून, पाठ केलेलं मास्तरांना म्हणून दाखवावं तशी.

“आता बरोबर बोलते ना मी?”

सेकंद पुढे सरकत राहिले. ती उत्तरासाठी थांबली होती.