मागच्या डावीकडून

अमृतनं चौथी डिस्क प्लेअरमधून काढली आणि खाटेवर भिरकावली. हिच्यावरही आवाज पुढच्या दोनच स्पीकरांचा उतरला होता. मूळ आवाज सहा वाटांचा, पुढून-मागून वेगवेगळा येणारा. पण डिस्क करताना सॉफ्टवेअर आपली अक्कल चालवायचं आणि मागचे आवाज चक्क गाळून टाकायचं.

डिस्कवरचा हा जंगलपट त्यानं शाळेत असताना नारायणगावच्या थिएटरात पाहिला होता. एका प्रसंगात नुसते रातकिडे वाजतात, आणि अचानक मागच्या डावीकडून कुत्रं भुंकतं. ते पडद्यावर दिसत नाही. भुंकता भुंकता मध्येच तुटतं. त्या दिवशी अख्ख्या थिएटरनं मान वळवून मागं पाहिलं होतं. पुढं कंपनीनं सीडी काढली, तिच्यात कुत्रंच नव्हतं. म्हणून घोडेगावच्या बुद्धभूषणनं जुन्या प्रिंटवरून चित्र साफ केलं आणि अमृतनं आवाज. आठ महिने गेले. उद्या घोडेगावात या पिक्चरचे वीसेक वेडे जमणार होते आणि डिस्क सकाळच्या एसटीनं जायची होती.

"अहो, चला ना. धारा काढायच्यात," दारातून अक्षदा म्हणाली. कडेवर लेक समृद्धी, हातात बादली.

"आलोच. पाच मिनटं."

"दुपारपासनं पाचच चालल्यात तुमची. दिस बुडाया लागला. परवा धर्माजीतात्यांच्या बांधावर बिबट्या बसला व्हता. मी उसाकडनं एकटी जायची न्हाई."

"काळू हाय की संगं. तू हो पुढं, बॅटरी घिऊन आलोच."

गोठ्यात गाई हंबरत होत्या, आणि गाईला पाच मिनिटं सांगून भागत नाही. ती गेली. काळू शेपटी हलवत तिच्या पुढं पळाला.

एवढ्यात बुद्धभूषणचा फोन आला.

"अमृतभाऊ, आवाज जसाच्या तसा ठेवायची खूण केली ना?"

"केली राव. ही पाचवी. ही बसणारच."

पाचवी तयार झाली. अमृतनं खुर्ची सगळ्या स्पीकरांच्या बरोबर मध्ये ओढली आणि डोळे मिटले. किती वाटांनी आवाज येतोय ते दाखवणारा अँप्लिवरचा आकडा तो आधी कधीच बघायचा नाही. आकडे बघितले की कान खोटं बोलतात, असं त्याचं म्हणणं. या हट्टाबद्दल बुद्धभूषण त्याची थट्टा करायचा.

रातकिडे सुरू झाले. अमृतनं श्वास रोखला.

मागच्या डावीकडून कुत्रं भुंकलं. अगदी जवळून, जीव तोडून. एकदा, दोनदा, मग सलग. आणि मध्येच तुटलं.

क्षणभर, जरा लवकर आलं की काय, असं त्याच्या मनात आलं. पण आनंदाच्या भरात ते तिथंच राहिलं. त्यानं मांडीवर थाप मारली. आठ महिन्यांचं सोनं झालं होतं. बुद्धभूषणला फोन लावायला त्यानं डोळे उघडले, आणि हात पुढं करता करता नजर अँप्लिवर गेली.

आकडा दोनचाच होता.

तो उठला. मागच्या डाव्या स्पीकरला कान लावला. आत काही नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही. स्पीकरच्या वरच खिडकी होती. ती उघडी होती, आणि गोठा त्याच बाजूला होता.

बॅटरी घ्यायचं त्याला सुचलं नाही. उसाच्या कडेनं तो अनवाणी धावला.

गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून अक्षदा उभी होती. एका हातात फावडं, दुसऱ्या हातानं समृद्धीला छातीशी आवळलेलं. बादली लवंडली होती आणि दूध शेणात पसरलं होतं. दहा पावलांवर उसाचं पाचट अजून हलत होतं. काळू कुठंच नव्हता.

"काळू मधी पडला," ती म्हणाली. "समी माझ्या म्हागं खेळत व्हती. काळू मधी पडला म्हणून..."

अमृतनं पोरीला घ्यायला हात पुढं केले. अक्षदानं तिला सोडलं नाही.

"किती भुकला वो तो. किती भुकला. तुमाला ऐकू नाय आलं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. घरात मोठ्यानं पिक्चर चालू होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"आलं," तो म्हणाला. "लई साफ आलं."