रविवारची रिंग

शिवांजलीने हरणाबाईच्या पदराला माइक अडकवला आणि मधे आलेली मेंढी पायाने हलकेच बाजूला सारायचा प्रयत्न केला. मेंढी हलली नाही. मग कॅमेरावालाच दोन पावलं मागे गेला. माळावर भणाण वारा होता, आणि पुण्याहून आलेली ही चार माणसं सकाळपासून एका पायवाटेचे फोटो काढत होती.

पायवाट गोल होती, एवढंच तिचं वेगळेपण. मधे काळ्या खडकाचा पसरट तुकडा आणि त्याच्याभोवती दीडशे पावलांचा फेरा. उपग्रहाने काढलेल्या चित्रात ती कुणाला तरी दिसली. आकाशातून दिसणाऱ्या गूढ गोष्टींवर कार्यक्रम करणाऱ्या एका वाहिनीला तेवढं पुरलं. त्यांच्या भाषेत ती ‘रिंग’ होती. आता गावचं कुणीतरी बोलतं करायचं होतं, आणि माळावर सापडली ती मेंढरं घेऊन आलेली हरणाबाई.

“मावशी, ही रिंग पहिल्यांदा कधी आली?”

“रिंग व्हय? झाली की आठ वरसं.”

“रोज येते?”

“रोज कुटली. रविवारी यायची. सकाळी आठाला.”

शिवांजलीने कॅमेरावाल्याकडे पाहिलं. चालू आहे, अशी त्याने मान हलवली.

“कुठून यायची, सांगता येईल?”

“लय लांबनं.” हरणाबाईने पूर्वेच्या अंगाला हात उचलला, जाईल तितका वर. “तिकडनं. आसामातनं.”

“आणि आता?”

“आता न्हाई येत.”

शिवांजलीने तिचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. पोरगी मनाने वाईट नव्हती. तिच्या लेखी रिंग म्हणजे जमिनीवरची ती गोल खूण होती. हरणाबाईच्या लेखी रिंग म्हणजे फोनची, दुसरी कसली असते हे तिला माहीत नव्हतं.

औंधच्या पूर्वेला, साताऱ्याची हद्द संपून सांगलीची सुरू होते त्या कोरड्या पट्ट्यातली पोरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगतात. हरणाबाईचा धनाजी एकोणिसाव्या वर्षी असाच गुवाहाटीच्या एका गलाईच्या दुकानात गेला. रविवारी दुकान बंद असे, तेव्हा तो फोन करी. वाडी खोलगटात असल्याने घरी रेंज नव्हती. रेंज होती ती वर माळावर, त्या काळ्या खडकाच्या आसपास. खडकापासून लांब गेलं की आवाज तुटायचा, आणि एका जागी उभं राहून बोलणं हरणाबाईला जमत नसे. मग ती खडकाभोवती फिरत बोले, आणि तिच्यामागे साठ मेंढरं रांगेने फिरत. बाई जाईल तिकडे जायचं, एवढंच मेंढरांना कळतं.

तिचा नवरा अर्जुना फोनवर कधी बोलला नाही. फोन कानाला लावला की त्याला शब्दच सुचत नसत. रविवारी ती मेंढरं सोडायला लागली की तो मागून म्हणे, “त्येला सांग, बोअरला पाणी लागलं.” नाहीतर, “त्येला सांग, शेवरी लावल्यात बांधाला.” दुपारी ती उत्तर घेऊन येई. बाप-लेकाचं सहा वर्षांचं बोलणं असं बाईच्या तोंडून झालं.

दोन वर्षांपूर्वी भट्टीच्या धुराने धनाजीची छाती भरली आणि आठ दिवसांत तो गेला. एवढ्या लांबून देह आणणं झालं नाही. दुकानातला माणूस अस्थी घेऊन आला. हरणाबाईने कलश घेतला, भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि त्या माणसाला विचारलं, चहात साखर कमी-जास्त काही लागते का. त्या दिवशी ती रडली नाही. नंतरही रडली नाही. अर्जुना मात्र चार माणसांसमोर ढसाढसा रडला होता, आणि त्याला ते तिचं कोरडेपण सलत राहिलं. ही बाई दगड आहे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. दोन वर्षं दोघं एका घरात कामापुरतं बोलत राहिले. घरात कुणी भांडत नव्हतं, कुणी हसतही नव्हतं. मेंढरं सुटत होती, मेंढरं परतत होती.

कार्यक्रम लागला तेव्हा सगळी वाडी नानासोंच्या सोप्यात जमली. नानासो लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि वाडीतला सगळ्यात मोठा टीव्ही त्यांचा. आधी ढोल वाजले. मग पृथ्वी फिरली. मग आपला माळ वरून दिसला आणि पोरांनी गलका केला. खडकाभोवती लाल बाण नाचत होते. “सांगली-साताऱ्याच्या सीमेवर, दर रविवारी, ठीक आठ वाजता,” असा एक घोगरा आवाज बोलला, आणि पडद्यावर हरणाबाई आली.

“रविवारी यायची. सकाळी आठाला. लय लांबनं.”

तिचा हात वर गेला आणि चित्र तिथेच थांबलं. त्या हाताच्या टोकापासून आभाळापर्यंत त्यांनी निळी रेघ ओढली होती. आसाम कापला होता. आता येत नाही, हेही कापलं होतं.

नानासो मांडीवर थाप मारून हसले. “आवं वहिनी, तुमी फोनचं सांगत हुता व्हय,” असं ते म्हणाले, आणि फोन कुणाचा ते आठवून मधेच गप्प झाले.

टीव्हीवर कोट घातलेला एक जाणकार एकामागून एक चित्रं दाखवत होता. अर्जुनाला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. दोन हजार सतराला माळावर काहीच नव्हतं. अठराला अंधूक कडं. तेवीसला चांगली ठसठशीत वाट. धनाजी गेला ते साल तेवीस. इथून पुढे वाट पुसट होत जाणार, हे अर्जुनाने चित्र यायच्या आधीच धरलं होतं. दोन पावसाळे पाय पडला नाही तर गवत गाडीवाटसुद्धा गिळतं. जन्मभर त्याने हेच तर बघितलं होतं.

चोवीसला कडं रुंद झालं. पंचवीसला ते सगळ्यांत काळं होतं.

“यामागची शक्ती गेल्या दोन वर्षांत वाढते आहे,” जाणकार म्हणाला.

अर्जुनाने बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. हरणाबाई टीव्ही बघत नव्हती. पदराला चिकटलेला लोकरीचा तंतू ती नखाने काढत होती. अर्जुनाला तेव्हा देवळी आठवली. रविवारी दुपारी तो शेतातून येई तेव्हा देवळीतला तिचा फोन जागेवर नसे. रिचार्ज संपून दीड वर्ष झालेला तो फोन जातो कुठं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. घोटभर पाणी पिऊन तो उठला आणि सोप्याबाहेर जाऊन उभा राहिला.

पुढच्या रविवारी माळावर गाड्या आल्या. विट्याच्या होत्या, सांगलीच्या होत्या, एक तर पुण्याचीही. माणसं नारळ घेऊन आली, पोरं मोबाईल वर धरून आठ वाजायची वाट बघत राहिली. हरणाबाई मेंढरं घेऊन अर्ध्या चढावरूनच मागे फिरली.

“का गं?” अर्जुनाने विचारलं.

“माणसं हायती तितं.”

तिने मेंढरं ओढ्याला नेली. त्याच्या पुढच्या रविवारी कुणीतरी वाटेच्या कडेने चुना टाकला होता आणि खडकावर भगवा रोवला होता. त्या दिवशी ती चढापर्यंतही गेली नाही. भाकरी थापली, पण स्वतःच्या ताटात घेतली नाही. दिवसभर उंबऱ्यात बसून राहिली. फोन मांडीवर होता आणि डोळे कोरडेच होते. तिचं तेवढंही गेलं होतं, आणि आता अर्जुनाला ते दिसत होतं.

सोमवारी तो नानासोंकडे गेला. रस्त्याकडेच्या त्यांच्या पडीक रानात चार दिवस मेंढरं बसवू का, असं त्याने विचारलं. खतासाठी शेतकरी धनगराच्या मागे लागतात. धनगर स्वतःहून विचारतो हे नानासोंना नवलच वाटलं, पण ते लगेच हो म्हणाले. संध्याकाळी ते बघायला आले तर अर्जुना मेंढरांची जाळी लावत होता. ती वाघर नेहमी चौकोनी लावतात. अर्जुनाने गोल लावली होती. शिवाय आत कोकरांची दुसरी जाळी गोलच लावून मधली जागा मोकळी सोडली होती.

“गोल का रं गड्या?”

“बसू द्या की.”

नानासोंनी एकदा माळाकडे पाहिलं, एकदा जाळीकडे. हवालदार माणूस, जास्त विचारायचं नाही हे त्यांना कळत होतं. घरी जाऊन त्यांनी पुतण्याला सांगून ठेवलं, जाळी निघाली की त्या रानाचा फोटो काढून चार जणांना पाठव.

शुक्रवारी जाळी काढली तेव्हा जमिनीवर लेंड्यांचं काळंभोर कडं उमटलं होतं, माळावरच्यापेक्षा कितीतरी देखणं. शनिवारी शिवांजली आली. रिंग सरकली, असं ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली. मग तिने अर्जुनाला विचारलं, हे कधी दिसलं.

“चार दिसात उठलंय,” अर्जुना म्हणाला. “आमची मेंढरं तितनं हलतच न्हवती.”

यात एक शब्द खोटा नव्हता.

रविवारी सगळ्या गाड्या रस्त्याकडेलाच थांबल्या. चढ चढायचा नव्हता, सावलीला चिंच होती, लोक खूश होते. अर्जुनाने पहाटेच माळावर जाऊन भगवा व्यवस्थित घडी करून आणला होता आणि चुन्यावर पायाने माती लोटली होती.

आठला थोडा अवकाश होता. हरणाबाई उंबऱ्यात बसली होती.

“माळ मोकळा हाय,” तो म्हणाला.

ती उठली. देवळीत हात घालून तिने फोन शोधला, पण तो तिथे नव्हता. अर्जुनाने खिशातून काढून तिच्यापुढे धरला. रात्रभर नानासोंकडे चार्जिंगला लावून ठेवला होता. पडद्यावर उजेड होता.

हरणाबाई फोनकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. तिने मेंढवाड्याचं फाटक उघडलं आणि मेंढरं तिच्यामागे रांगेने निघाली.

काळ्या मेंढीमागचं शेवटचं कोकरू बाहेर पडेपर्यंत अर्जुना फाटक धरून उभा होता. मग दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मागून हाक दिली.

“त्येला सांग, काळीला जुळं झालं.”