माझ्या पोटातली परतीची खोकी

माझ्या फ्रिजच्या दाराला करड्या रबराची पट्टी आहे. ऑक्टोबरमध्ये तिच्या खालच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक काळा ठिपका होता. नोव्हेंबरअखेर तो मसुराच्या दाण्याएवढा झाला. फेब्रुवारीत त्याच्या शेजारी आणखी सहा ठिपके उगवले. एप्रिलमध्ये ते मोजता येईनात, कारण ते एकमेकांत मिसळले होते. फ्रिज बंद होता, दारही बंद होते, आणि आत आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात सहा महिन्यांपूर्वीचे विरजण होते.

मित्रांनो, तुम्हाला नुसते वाचून किळस आली असेल. मला तर तो डबा पोटात घेऊन हिवाळा काढावा लागला. मी एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे आणि लीड्समधल्या एका घरापुढे उभी असते.

माझा जन्म १९८६चा. माल वाहणाऱ्या एका साध्या गाडीवर सुतारांनी माझे घर चढवले. दोन पलंग, दोन बर्नरची शेगडी, बेसिन, फ्रिज, छोटा संडास आणि अकरा कपाटे. माझे पहिले मालक मेडनहेडचे हॅलम पती-पत्नी. हॅलमसाहेब रेल्वेतले निवृत्त सिग्नलमन होते. प्रत्येक कप टांगायला त्यांनी स्वतंत्र आकडा लावला होता. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी एक यादी चिकटवली होती. हिवाळ्याआधी पाइपांतले पाणी काढावे, फ्रिज रिकामा करावा, त्याच्या दारात जुना मोजा अडकवून ते उघडे ठेवावे. नऊ वर्षे माझ्या अंगाला कसलाही वास आला नाही. कॅम्पसाइटवरचे लोक मला आतून बघायला येत आणि हॅलमबाई त्यांना बूट काढून आत घेत.

१९९५मध्ये डॉक्टर पुरुषोत्तम यांनी मला विकत घेतले. ते भूलतज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. मला ते आवडले. मग हॅलमसाहेबांच्या यादीवर त्यांनी मराठी कॅलेंडर टांगले. यादी झाकली गेली याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, नंतर कळला.

हे कुटुंब १९८४मध्ये पाच वर्षांसाठी इंग्लंडला आले होते. पाच वर्षांनी पुण्याला परत जायचे होते. ती पाच वर्षे संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." दर जानेवारीच्या सेलमध्ये ते पुण्याच्या घरासाठी काहीतरी घेत. टोस्टर, टॉवेल, किटली, चादरी. ते घर अजून घेतलेले नव्हते. वस्तू खोक्यात जात आणि खोक्यावर डॉक्टर जाड पेनाने लिहीत, 'परत – किचन', 'परत – बाथरूम'. आधी घराचा माळा भरला, मग गॅरेज, मग मी. २००६पर्यंत माझ्या अकरा कपाटांपैकी सात 'परत' झाली होती. जायचे ठरले असते तर ती खोकी जहाजाने गेली असती. राहायचे ठरले असते तर ती उघडली गेली असती. काहीच ठरले नाही, म्हणून ती माझ्या पोटात राहिली.

त्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी सुहासिनीबाई एकट्याच येऊन माझ्या टेबलाशी बसल्या. हातात पत्र होते. लॅबची प्रमुख म्हणून त्यांना विचारणा झाली होती. जागा किमान तीन वर्षांची होती आणि उत्तर ईस्टरनंतरच्या मंगळवारपर्यंत द्यायचे होते. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि मसाल्याच्या डब्याखाली ठेवले. घरी त्याचे बोलणे झालेच असणार, कारण नंतर डॉक्टर माझे टायर तपासताना फोनवर कुणाला तरी म्हणाले, "तिचं काय, बघू. पुढच्या वर्षी जायचंच आहे."

गुड फ्रायडेला हंगामाची पहिली सहल निघाली. व्हिटबीजवळच्या कॅम्पसाइटवर जायचे होते. या वेळी सगळे शिस्तीत करायचे म्हणून डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. प्रत्येक कपाटाला नंबर, प्रत्येक वस्तूला रंग. तक्ता फार सुंदर होता. मग सुहासिनीबाईंनी फ्रिज उघडला.

त्यांची पंधरा वर्षांची मुलगी वरदा दारातूनच मागे फिरली. "ईऽऽ, आई, इट्स डिस्गस्टिंग. माझा उशी पण तसाच वास मारतो."

"अगं, माझी उशी," डॉक्टर म्हणाले.

"तुझी पण मारते?"

डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि पत्नीकडे पाहिले. "वीस वर्षं लॅबमध्ये बुरशी बघतेयस सुहास, आणि घरची दिसली नाही?"

"लॅबमध्ये बुरशीला लेबल असतं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "इथे व्हॅनिला आइस्क्रीम लिहिलं होतं."

त्यांनी मला ब्लीचने तीनदा पुसले. वास कमी झाला, पण गेला नाही. मला माझीच लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. ज्यांनी घाण केली ते नाक दाबून बाहेर उभे राहू शकतात. मला स्वतःच्या बाहेर जाता येत नाही.

तक्त्यातली सात कपाटे आधीच भरलेली होती. त्यामुळे तांदूळ, कुकर, विजेची केबल, रेनकोट असे सगळे सामान संडासात रचले गेले. शेगडीपासून दोन फुटांवरचा संडास वापरायचा नाही, असे सुहासिनीबाईंनी पहिल्याच वर्षी ठरवले होते. ती त्यांची कोठीची खोली होती. मित्रांनो, हॅलमबाईंनी घासून चकचकीत ठेवलेल्या भांड्यात कांदेबटाटे बघणे मला कधी जमले नाही.

मूरवरच्या, म्हणजे उंच ओसाड माळावरच्या, उतारावर रस्ता एकदम वळतो. तिथे माझ्या सहाव्या कपाटाची कडी निघाली. वीस किलोंचे ओझे तिने किती हिवाळे धरायचे? 'परत – किचन' खाली आले. खोके फुटले आणि त्यातल्या स्टीलच्या डब्याची कड टेबलाशी बसलेल्या सुहासिनीबाईंच्या हातावर लागली. अंगठ्यापासून मनगटापर्यंत कापले.

डॉक्टरांनी मला रस्त्याकडेला थांबवले आणि मागे धावले. "वर धर. हात वर धर. फर्स्ट एड कुठंय?"

"तक्त्यात बघा," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या कोपरावरून रक्त माझ्या गालिच्यावर गळत होते.

"नऊ नंबर."

"नऊ नंबरला तुमचं 'परत – बाथरूम' आहे."

वरदा संडासातले सामान बाहेर फेकू लागली, मग खोकी. "बाबा, इथे तीन किटली आहेत. तीन. आणि एक पण बँडेज नाही. तू डॉक्टर आहेस ना?"

"नवे टॉवेल आहेत," डॉक्टर म्हणाले. "काढ, काढ तो."

त्यांनी 'परत – बाथरूम'ची चिकटपट्टी फाडली. वरचा टॉवेल उचलला आणि हात झटकून मागे सरकले. पाइपांतले पाणी कधी काढलेच नव्हते. थंडीत फुटलेल्या पाइपाची ओल वर चढली होती. टॉवेल एकमेकांना चिकटले होते, घडीघडीत काळे पडले होते. मधोमध उंदराने घर केले होते. लेंड्या, कुरतडलेला कापूस आणि वाळून चामडे झालेली दोन पिल्ले. त्या वासापुढे माझा फ्रिज बरा होता. दुकानाची चिठ्ठी मात्र टॉवेलाला अजून लटकत होती.

वरदाने गळ्यातला स्कार्फ काढला आणि डॉक्टरांनी तो जखमेवर घट्ट बांधला. ते काम त्यांनी फार चांगले केले.

मित्रांनो, मी यंत्र आहे, माझे मागणे थोडे आहे. हिवाळ्याआधी माझ्यासारखीच्या पाइपांतले पाणी काढा, दारे उघडी ठेवा, हवा खेळू द्या. जी वस्तू आज वापरायची नाही आणि उद्याही नाही, ती माझ्या अंधारात ठेवू नका. बंद दारामागे वस्तू थांबून राहत नाही. ती सडत असते.

डॉक्टर खोक्यापाशी उकिडवे बसून होते. ते म्हणाले, "जाऊ दे. टॉवेलचं काय एवढं? तिकडे गेल्यावर नवे घेऊ."

"मला मंगळवारी उत्तर द्यायचंय," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"हो, ते बघू ना. एवढं हे वर्ष जाऊ दे, पुढच्या..."

"बाबा, स्टॉप," वरदा म्हणाली.

ते थांबले. बाहेरून एक लॉरी गेली आणि मी जराशी हलले. सुहासिनीबाईंनी बांधलेला हात छातीशी धरला, डॉक्टरांकडे पाहिले आणि लॅबमध्ये एखाद्या नमुन्याचा निष्कर्ष सांगावा तशा शांत आवाजात म्हणाल्या,

"अहो, तुम्ही ऐकून घ्या. मी पुण्याला परत जाणार नाही. मी इथेच राहणार आहे."