अर्ध्या वेशीची तक्रार

मी एक जुनी वेस आहे. म्हणजे होते, आता अर्धीच आहे. मित्रांनो, साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना आमच्या गावाच्या तोंडाशी डाव्या हाताला एक काळा बुरूज एकटाच उभा दिसतो. तुम्ही ज्याच्यावर पान खाऊन थुंकता, तीच मी.

माझी कमान बसली, तेव्हा खालचे टेकू काढताना गवंडी स्वतः तिच्याखाली उभा राहिला होता. स्वतःच्या कामाची एवढी खात्री हल्ली कुणाला नसते. पुढे शंभर वर्षं कापसानं फुगलेल्या गाड्या माझ्या बगला घासत गेल्या. पोळ्याला माझ्या दोन बुरुजांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखालून पहिला बैल जायचा तो म्हाताऱ्या वना आबाच्या घरचा. वेस ओलांडल्याशिवाय गावातला एकही बैल पुरणपोळीला तोंड लावत नसे.

मग १९२६ साली मोठे साहेब मोटारीनं येणार, अशी वर्दी आली. गावात मोटार कुणीच पाहिली नव्हती. त्यामुळे तिच्याविषयी सगळ्यांना सगळं माहीत होतं. गावसुधारणा कमिटीचे अध्यक्ष रुपचंद नाना म्हणाले, कुणब्याची गाडी जर वेशीला घासते, तर साहेबाची गाडी अडकणारच. साहेब कुणब्यापेक्षा मोठा! कमिटीतल्या शिकलेल्या लोकांनीही माना डोलावल्या. शिक्षण कशासाठी असतं, ते मला त्या दिवशी समजलं.

"नाना, आधी इचारी तरी ल्या, मोटार किती रुंद शे?" वना आबा म्हणाला.

"साहेबाच्या मोटारीची मापं विचारायची? गावाची अब्रू जाईल, आबा!"

"मंग वेस पाडीसन अब्रू वाढी का?"

डोक्यावर भारा घेऊन उभी असलेली धुरपदाबाई म्हणाली, "साहेब हत्तीवर बशीसन येस का, नाना?"

लोक हसले. हसून झाल्यावर त्याच लोकांनी पहारी उचलल्या.

तीन दिवस मी पडत होते. कमान गेली, उजवा बुरूज गेला. डावा पाडायला वेळ उरला नाही, म्हणून तो वाचला. आणि मोटार आली ती वना आबाच्या छातीएवढी उंच! रुंदीनं तर तशा दोन माझ्यातून शेजारी शेजारी गेल्या असत्या. ती वाट अडवून पडलेल्या माझ्याच दगडांच्या ढिगाऱ्यापाशी थांबली, वळली आणि निघून गेली. नानांनी हार घरी नेला.

पोळा आला. बैल सजून उभे राहिले. तोरणाचं एक टोक माझ्या बुरुजाला बांधलं, दुसरं बांधायला जागाच नव्हती. वना आबानं ते टोक उचललं आणि सरळ नानांच्या हातात दिलं.

"वेस तुम्हीच पाडी ना, नाना? मंग आते तुम्हीच वेस व्हा."

नाना वेस झाले. हात जरा खाली आला की गर्दीतून आरोळी यायची, "हात वर, नाना! दोरी शिंगले लागी ऱ्हायनी!" शेवटचा बैल जाईपर्यंत ते उभे होते. तेव्हापासून दर पोळ्याला कमिटीचा अध्यक्ष उभा राहतो.

आता १९४७ साल आहे. स्वातंत्र्याच्या स्वागताला नवी कमान बांधायची आहे आणि तिला दगड हवे आहेत, म्हणून नवी कमिटी माझ्याकडे बघते आहे. मित्रांनो, जे उभं आहे ते सांभाळा, एवढंच मागणं. ते जमत नसेल तर खुशाल पहारी घेऊन या. फक्त पोळ्याला यंदा दोन अध्यक्ष लागतील.