हिरवळीपर्यंतचे चालणे

लोकोत्सवाच्या पत्रिकेत आमच्या मॉरिस ताफ्याचे, म्हणजे पायांना घुंगरे बांधून इंग्रजी लोकनाच करणाऱ्या आम्हा मंडळींचे, नाव होते. जागा मात्र बदलली होती: 'वाहनतळ, कचरापेट्यांजवळ'.

"छप्पन्न वर्षं पबसमोरच्या हिरवळीवर नाचतोय मी," एनॉक म्हणाले. चौऱ्याहत्तर वर्षांचे एनॉक टॅरंट आमचे म्होरके. सोमवारी त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते, आणि त्यानंतर नाच बंद, असे डॉक्टरांनी बजावले होते. शेवटचा नाच त्यांना हिरवळीवरच करायचा होता.

पिवळ्या जाकिटातली फीबी, उत्सवाची संयोजक, वैतागली. "तिथे बँड आहे, आजोबा. स्पीकर बघा केवढे! तुमची पेटी कोण ऐकणार?"

"पेटी नको ऐकूस. घुंगरं ऐक."

मला ते पटले. ड्रम खालच्या पट्टीत घुमतात, घुंगरे बरीच वरच्या पट्टीत. ती झाकली जात नाहीत. शिवाय प्रत्येक पायाला वीस, म्हणजे सहा जणांची दोनशे चाळीस.

"हिरवळीवर कार्यक्रमाची परवानगी नाही," फीबीने कागद नाचवला.

"नाहीच करत. पण पबपर्यंत चालत जायला परवानगी लागते का?"

"चालायला कशाला लागेल?"

एनॉकनी आमच्याकडे बघून डोळा मिचकावला. आमचा एक नाच चालतच करायचा असतो. दोन रांगा, हातांत रुमाल, आणि प्रत्येक पावलाला पुढे सरकायचे.

आमची वादक हेस्टर हिने तिची पेटी, म्हणजे मेलोडियन, सुरू केले. वीस पावलांवर ते बँडमध्ये बुडाले.

"सूर ऐकू येत नाहीये!" मी ओरडले.

"माझे पाय बघ!"

त्यांच्या पायांवर आम्ही ठेका धरला. सायडरच्या स्टॉलपुढच्या रांगेतली माणसे रांग सोडून मागे यायला लागली.

"हे चालणं नाहीये!" फीबी शेजारून धावत होती.

"माझा गुडघा असाच चालतो, पोरी!"

हिरवळ आली. बँड थांबला नाही. आम्हीही नाही. आमची घुंगरे त्यांच्या माइकमध्ये शिरली आणि स्पीकरमधून साऱ्या मैदानावर खणखणली. गायकाने कपाळाला आठ्या घातल्या.

शेवटी सगळ्यांनी एकदम उडी मारायची असते. एनॉकनी ती टाळायची, असे सकाळी ठरले होते. त्यांनी मारली. दोन्ही बूट गवतापासून वीतभर सुटलेले मी स्वतः पाहिले. खाली येताच त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"झालं ना मनासारखं?" फीबीने विचारले.

"झालं," एनॉक धापा टाकत म्हणाले. "पण गाडी तिकडे कचरापेट्यांपाशी आहे. आता तिथपर्यंत चालायला नको? रुमाल वर घ्या रे!"