धुरपताच्या गुदगुल्या

सालेकशाजवळच्या खेड्यात राहणारी शामकला मेनोनाइट ख्रिस्ती होती. वयात आल्यावर, स्वतः विचार करून तिने बाप्तिस्मा घेतला होता. शपथ घ्यायची नाही, हात उगारायचा नाही आणि भांडण झालं तर समेटाला आपण आधी जायचं, हे तिने जन्मभर पाळलं. पण यंदा मोहफुलांच्या दिवसांत शेजारच्या धुरपताबाईशी तिचं वाजलं. बांधावरच्या झाडाची फुलं कोणी वेचायची, एवढ्यावरून. शामकला तिला "चोरटी" म्हणून बसली आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

पवित्र गुरुवार आला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून तिच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया आज एकमेकींचे पाय धुणार होत्या. शामकला टॉवेल घेऊन निघाली आणि दारातच थबकली. कोणत्या तोंडाने जायचं? ती मागे वळली, घमेलं पाण्याने भरलं आणि थेट धुरपताच्या अंगणात शिरली.

"धुरपता, पाय दे."

"कायले?"

"धुवाचे आहेत."

"अवो काकी, तू मोठी! माह्या पायाले हात लावशीन त मले पाप लागन!"

"प्रभूनं धुतले माणसाचे, तुले काय होते? बस!"

धुरपता बसली नाही, पळाली. तिच्या मागे घमेलं सांभाळत साठी उलटलेली शामकला! कोंबड्या फडफडल्या, वाळत घातलेली मोहफुलं पायाखाली उधळली. बाजेवर पडलेला धुरपताचा नवरा उदाराम उठून बसला.

"काऊन पळून राहिली वो? धुऊन घे ना!"

धापा टाकत धुरपता बाजेवर टेकली. शामकलाने तिचं पाऊल हातात घेतलं, पाणी ओतलं, तळव्यावरून बोटं फिरवली मात्र, धुरपता किंचाळली. "गुदगुल्या! सोड वो!" तिने पाय झाडला, घमेलं उडालं आणि सगळं पाणी उदारामच्या अंगावर.

शामकला मटकन खाली बसली. मनात जुळवून आणलेली प्रार्थना पार विसरली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. धुरपताचं पाऊल मात्र तिने सोडलं नव्हतं.

"माहं चुकलं वो," ती कशीबशी म्हणाली. "तुले चोरटी म्हटलं."

"मीबी काही कमी नाही बोलली," धुरपता पदराने डोळे पुसत म्हणाली. "आता तुहे पाय आण इकडे."

तिने घमेलं पुन्हा भरलं आणि स्वतःचं लुगडं भिजवत शामकलाच्या टाचा वजरीने अशा घासल्या की शामकलाच ओरडायला लागली. उपासनेला उशीर झाला होता. "चाल, मीबी येतो. पाहू त, तिथं काय होते," म्हणत धुरपता ओल्या लुगड्यानिशी तिच्यासोबत निघाली.

प्रार्थनाघरात सारं शांत होतं. बाया जोडीजोडीने, डोळे मिटून, एकमेकींचे पाय धूत होत्या. मागच्या रांगेतून धुरपताने खणखणीत आवाजात विचारलं, "काऊन वो, तुमच्यात कोणालेच गुदगुल्या होत नाहीत काय?"

आधी शामकला हसत सुटली. मग तिच्या शेजारची बाई, मग बायांची सगळी रांग. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने बायबल तोंडापुढे धरलं. पण ते बायबल हलत होतं, आणि त्यामागचे त्यांचे खांदेही.