ओझं चढवून बघ

"दादा, पुन्हा तुटला," इपीली म्हणाला आणि फाटलेला रबरी पट्टा त्याने काउनाकसमोर बाकावर टाकला.

सत्तरी ओलांडलेला म्हातारा विशीतल्या मुलीला दादा म्हणतो, यात उत्तरेच्या त्या बर्फाळ वस्तीत कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. इपीलीचा थोरला भाऊ काउनाक गेला, त्यानंतर वस्तीत पहिली जन्मली ती ही पोर. भावाचं नाव तिला दिलं आणि नावामागून नातंही आलं. ती आईच्या कोटाच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत पाठुंगळी असल्यापासून इपीली तिला दादा म्हणत होता, सील मारला की काळजाचा पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवत होता, आणि ती रागावली की मुकाट्याने ऐकून घेत होता. ती त्याला धाकट्या म्हणायची. दोघांनाही त्यात मोठी गंमत वाटायची, पण थट्टा मात्र कधीच नव्हती.

आज काउनाकला हसू आलं नाही. सहकारी दुकानामागच्या शेडमध्ये वस्तीतल्या सगळ्या स्नोमोबाइल, बर्फावर धावणाऱ्या गाड्या, तीच दुरुस्त करायची, आणि ही गाडी तिने नुकतीच स्वतःच्या हाताने लावून दिली होती. इंजिनावरचा पुढचा क्लच, त्यामागे गाडीला पुढे रेटणारा मागचा क्लच, आणि दोघांना जोडणारा हा रबरी पट्टा. दोन्ही क्लच एका रेषेत नसले की पट्टा कडेने घासतो, तापतो आणि तुटतो. तिने मापाची पोलादी सळई दोन्हींवर आडवी ठेवून पाहिली होती. केसभरही फट नव्हती. "जा धाकट्या, आता बिनघोर जा," असं तिने छाती फुगवून सांगितलं होतं. आणि तळ्यावर मासे धरायला निघालेला म्हातारा गोठलेल्या खाडीच्या पलीकडे अडकला. लोकांनी त्याला गाडीसकट दोरीने ओढून आणलं, सगळ्या वस्तीसमोरून.

"बाबा, किल्ली."

मियाली दारात उभी होती. इपीलीची ही एकुलती एक लेक, बोलायला फटकळ. म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढली, पण हात पुढे करेना.

"अगं, गाडीचा दोष आहे. माझा नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं! अख्खी वस्ती म्हणते तुमचा अंगठा जड झालाय. वेगाचा खटका दाबलात की सोडतच नाही."

"वस्तीला काय कळतंय? वस्ती गरम घरात बसून माझा अंगठा मोजते!"

"मला एवढंच कळतं की काकांची गाडीही अशीच बंद पडली होती." मियालीचा आवाज एकदम खाली आला. "त्याच तळ्याच्या वाटेवर. चालत निघाले, आणि मी खिडकीत बसून राहिले. परत नाही बसणार मी तशी."

तिने किल्ली बापाच्या बोटांतून काढून घेतली. मग काउनाककडे वळून म्हणाली, "आणि तू गं पोरी, त्यांना चढवून ठेवू नकोस."

मियाली तिला कधीच काका म्हणाली नव्हती. बापाचा थोरला भाऊ म्हणजे काकाच, बाकी सगळे तिला तेच नातं लावायचे. पण मियालीसाठी काका एकच होता आणि तो तळ्याच्या वाटेवरून आला नव्हता. काउनाकला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी 'पोरी' हा शब्द दर वेळी तिला टोचायचाच.

दुकानात आता एकच पट्टा उरला होता. पुढचे पट्टे जहाजाने यायचे, आणि जहाज यायचं बर्फ वितळल्यावर. तोवर तळ्यावरची मासेमारी संपलेली असते. एकदा किल्ली मियालीकडे राहिली की पुढच्या वर्षीही तिच्याकडेच राहणार, हे तिघांनाही कळत होतं.

काउनाक चहाचा थर्मास घेऊन बाहेर आली तेव्हा इपीली आपल्या कमुतिकपाशी, गाडीमागे जोडायच्या त्या लांबलचक लाकडी घसरगाडीपाशी वाकला होता. ऊन इतकं लख्ख होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं. म्हातारा एकेक करून तेलाचे डबे, तंबू, शेगडी असं सगळं सामान कमुतिकवर चढवत होता.

"कुठे निघालास धाकट्या? किल्ली तर गेली."

"कुठे नाही. फळ्यांच्या गाठी सैल झाल्यात का, ते बघतोय."

"मग सामान कशाला चढवतोस? रिकामा असताना नीट दिसतील की."

इपीली कमरेवर हात ठेवून ताठ झाला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"हे तू विचारतेस मला? तूच तर शिकवलंस! मी एवढासा होतो. पहिला कमुतिक बांधला आणि नाचत तुझ्याकडे आलो, दादा, झाला बांधून. तू पाहिलंही नाहीस, आधी कानाखाली वाजवलीस. तुझे शब्द होते, 'रिकामा कमुतिक सगळ्यांशीच गोड बोलतो. ओझं चढवून बघ, मग सांग.'" त्याने गाल चोळला. "अजून आठवतं हो. हात जड होता तुझा."

काउनाकने थर्मास बर्फावर ठेवला. तिने सळई लावली होती ती उभ्या गाडीवर, गरम शेडमध्ये, मागे काही जोडलेलं नसताना. तळ्याला गाडी रिकामी जाते का कधी? स्वतःच्याच शहाणपणाचा तिला इतका राग आला की तिने हातमोजा काढून जमिनीवर आपटला. मग हसत सुटली.

"चल," ती म्हणाली. "मियालीकडे जाऊ."

मियाली आधी ऐकेना. "तळ्यावर नाही," काउनाक म्हणाली, "शेडमागच्या चढावर, तुझ्या डोळ्यांदेखत. आणि तूही चल, कमुतिकवर बस. मला ओझं हवंय."

"मी ओझं?"

"दादाचं ऐक," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. मियालीने दोघांकडे जळजळीत पाहिलं, पण अंगात जाडजूड पार्का चढवला.

शेवटचा पट्टा चढवला. गाडीच्या कुशीचं झाकण काढून काउनाक पाय ठेवायच्या फळीवर गुडघा टेकून बसली, मान आत घालून. इपीलीने सावकाश चढ घेतला. सपाटीवर दोन्ही क्लच भावाभावांसारखे समोरासमोर होते. दोरी ताणली, मागचं ओझं जाणवलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळं इंजिन मागे ओढलं जाऊन एका अंगाला कललं. पुढचा क्लच तिरका झाला आणि पट्टा कडेला घासू लागला.

"थांब! थांब रे!" ती ओरडली. "सापडलं!"

इंजिन ज्या रबरी उशांवर बसतं त्या म्हाताऱ्या होऊन लिबलिबीत झाल्या होत्या. नव्या उशा जहाजाबरोबरच यायच्या.

"म्हणजे माझा अंगठा?" इपीलीने विचारलं.

"अंगठा ठीक आहे. अंगण वाकडं होतं."

मियाली कमुतिकवरून उतरली आणि वाकून त्या उशा बघू लागली.

मग काउनाकने शेडमध्ये ते केलं, जे आठवड्यापूर्वी कुणी केलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. इंजिनाचे बोल्ट सैल केले, खाली पातळ चकत्या सरकवल्या, आणि क्लच मुद्दाम उलट्या बाजूला वाकडा बसवला. सळई ठेवली तर एका टोकाला फट दिसायची. पुन्हा चढावर गेली, मान आत घालून पाहिलं, परत आली, एक चकती काढली. पुन्हा गेली. ओझं ओढताना दोन्ही क्लच एका रेषेत यायला लागले, तेव्हा कुठे तिने बोल्ट आवळले.

"उभी असताना वाकडीच दिसणार ही," ती म्हणाली. "दिसू दे."

शेवटी ते खाडी ओलांडून पलीकडच्या बेटापर्यंत गेले आणि परत आले, सगळं सामान आणि मियालीसकट. काउनाकचं सगळं लक्ष वासाकडे होतं. जळक्या रबराचा वास आला की संपलं. वास आला नाही.

शेडसमोर इपीलीने गाडी बंद केली. काउनाकने झाकण उघडलं. "हात लावून बघ," ती मियालीला म्हणाली. "पट्टा घासत असेल तर क्लचवर हात ठेववत नाही."

मियालीने हातमोजा काढला. आधी बोटाचं टोक टेकवलं, चुलीवरच्या तव्याला टेकवावं तसं. मग तळहात पालथा घातला आणि तो तिथेच राहू दिला. बराच वेळ. म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत होता, श्वास रोखून. तिचे डोळे भरून आले होते.

"कोमट आहे," ती म्हणाली.

हातमोजा घालून तिने खिशातली किल्ली काढली. बापाने हात पुढे केला, पण ती त्याच्या शेजारून पुढे गेली आणि काउनाकसमोर उभी राहिली. किल्ली तिने काउनाकच्या तळहातावर ठेवली.

"तुमच्या धाकट्या भावाला तळ्यावर घेऊन जा," ती म्हणाली. "आणि काका, या वेळी परत या."